चार रिकामी घरं

वैद्य मॅडमनी मला फसवलं. पैशात नाही, वजनात नाही. आकड्यांच्या एका कोड्यात फसवलं, चाळीसएक माणसांसमोर, आणि ज्या नियमावर मी उभी होते तो नियम त्यांनीच मला शिकवलेला होता.

मला फसवणारे कमी भेटलेले नाहीत. मिरचीच्या धंद्यात आहे मी. पोत्याच्या तोंडाशी लालभडक बेडगी आणि खाली ओला, काळा पडलेला माल, हा फटका मी पहिल्याच वर्षी खाल्ला. त्या व्यापाऱ्याला दुसऱ्या वर्षी त्याच्याच गोदामात, त्याच्याच हमालांसमोर सगळं पोतं उलटं करायला लावलं. झालं, फिटलं. असल्या माणसांचा राग माझ्या मनात राहत नाही, कारण मी तो तिथल्या तिथे काढते. वैद्य मॅडमचा राग काढता आलेला नाही. तीन वर्षं झाली.

परत मोसम आलाय. शिमगा झाला की आमच्या लालबागच्या गल्लीत मिरची उतरते ती मृगापर्यंत. गल्लीत शिरणाऱ्या माणसाला आधी शिंक येते, मग दुकान दिसतं. फुटपाथवर भाजणाऱ्या बायकांच्या कढया चढतात. धणे आधी भाजतात, त्याचा वास गोड. मग दगडफूल, मग लवंगा, आणि शेवटी मिरची कढईत पडली की सगळी गल्ली एकदम खोकते. पलीकडे डंख चालू असतात, लोखंडी मुसळं धाडधाड वर जातात, खाली येतात, आणि कुटणाऱ्या माणसांच्या भुवयासुद्धा लाल होतात. बायका दहिसरहून येतात, पनवेलहून येतात, हल्ली परळच्या टॉवरांतूनही येतात, तोंडाला ओढणी बांधून. मिरची घ्यायची, निवडायची, भाजून घ्यायची आणि डंखाच्या रांगेत नंबराची चिठ्ठी घेऊन बसायचं. दुपारी सगळी गल्ली वाट बघत बसलेली असते.

परवा पहिलं पोतं फोडलं आणि ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटतं मिरचीनं येतं. तेवढी मिरची मला आता चढत नाही.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी वैद्य मॅडम माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या. बारीक चण, पांढरी साडी नि बारीक किनार, खांद्याला कापडी पिशवी. दादरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्या राहायच्या. डंखावर त्यांचा नंबर फार मागे होता, म्हणून मी म्हटलं बसा इथे सावलीला. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुरवणी काढली, पेन्सिल काढली आणि चौकटीत आकडे भरायला लागल्या. मी काट्यावर धणे तोलत होते. न राहवून विचारलं, "मॅडम, मटका लावताय काय?"

मोठ्यानं हसल्या. त्यांचं हसू चांगलं होतं, ते नाकारत नाही. म्हणाल्या, "मटक्यात नशीब लागतं, सुनंदा. यात नशिबाला जागाच नाही. ये, बघ."

माझं नाव त्यांना भाजणाऱ्या पार्वतीकाकूंमुळे माहीत झालं होतं. काकू दिवसभर माझ्या नावानं ओरडत असायच्या.

मी नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे सुटली. गणितात गेले आणि घरात कुणी परत बसवलं नाही. तेव्हा बाईंनी वर्गात माझा पेपर हातात धरून सांगितलं होतं, "हिनं सगळी उत्तरं अंदाजानं लिहिली आहेत." खरं होतं ते. पुढे मी आयुष्यभर अंदाजावरच जगले. पोत्यात हात घातला की सांगते माल कुठला, किती दिवसांचा. गिऱ्हाईक पायरी चढलं की सांगते घेणार की नुसतं हात लावून जाणार. काळाचौकीच्या नाक्यावर गोणपाट पसरून बसले तिथून या दुकानाच्या शटरपर्यंत अंदाजानंच आले. त्यामुळे मॅडमनी पहिल्याच दिवशी "अंदाज नाही" म्हटलं तेव्हा मला वाटलं, ही बाई मला हात बांधून पोहायला सांगते आहे.

नऊ ओळी, नऊ उभ्या रांगा, नऊ पेट्या. प्रत्येकीत एक ते नऊ, एकदाच. एवढाच कायदा. मी आपली प्रत्येक रिकाम्या घराकडे बघून विचार करायची, इथे काय बसेल? मॅडम म्हणाल्या, "उलट विचार. पाच हा आकडा घे. या पेटीत तो कुठे बसत नाही ते बघ. वरच्या ओळीत पाच आहे, म्हणजे ही तीन घरं गेली. या रांगेत पाच आहे, ही दोन गेली. उरलं काय?"

"एक."

"मग लिही."

मी लिहिलं. माझ्या हातून आलेलं ते पहिलं उत्तर, ज्याला कुणी "नक्की ना?" असं विचारू शकत नव्हतं.

हे सांगायला हवं, कारण नाहीतर माझा राग समजायचा नाही. धंदेवाल्या माणसाला कुणी खरं मानत नाही. मी काटा समोर ठेवते, वजनं समोर ठेवते, तरी बाई म्हणते, "बरोबर आहे ना हो? घरी जाऊन तोलणार आहे मी." आता भाव सांगताना मी खोटं बोलते, ते सगळेच बोलतात. "खरेदीच एवढ्याची आहे ताई" हे वाक्य खोटं आहे हे मला माहीत असतं, तिलाही माहीत असतं, आणि तरी दोघी अर्धा तास त्यावर भांडतो. त्यात मजा आहे. पण वजनात मी कधी मारलं नाही, आणि तेही कुणी मानत नाही. वीस वर्षं रोज दिवसातून शंभरदा "नक्की ना?" ऐकलं की माणसाला कुठेतरी एक जागा हवीशी वाटते जिथे बरोबर म्हणजे बरोबर. ती जागा मला त्या नऊ बाय नऊच्या चौकटीत मिळाली.

मॅडम मग रोजच यायला लागल्या. त्यांचा मसाला कधीच कुटून झाला होता, डब्यात भरूनही झाला असेल. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणायच्या. दुपारी तीनला यायच्या, स्टुलावर बसायच्या, मला एक कोडं द्यायच्या आणि स्वतः मिरच्यांची देठं काढत बसायच्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुझे हात आकड्यांत अडकलेत, माझे रिकामे आहेत." दुसऱ्याच दिवशी त्या हातानं डोळा चोळला. मग काय, दुकान सोडून मी त्यांचं तोंड धुतेय, पार्वतीकाकू कढई सोडून धावत आल्या, आणि मॅडम बंद डोळ्यांनी विचारतायत, "तो आठ कुठे बसला?"

पार्वतीकाकू वेंगुर्ल्याकडच्या, तोंड त्यांच्या मिरचीइतकंच. रोज टोमणा असायचा. "काय गो सुनंदा, आकड्यांनी पोट भरतला काय? गिराइक उभा असा बग!"

"उभं राहू दे. या ओळीत सात सापडत नाही."

"सात माज्याकडे असत. सात किलो धने. ते आधी भाज म्हनान सांग!"

बारीक आकड्यांची रीत शिकले. घरात काय काय बसू शकतं ते कोपऱ्यात बारीक लिहून ठेवायचं आणि जसजसं कळत जाईल तसतसं एकेक कापायचं. मला ती लगेच पटली. पोत्यांवर खडूनं खुणा करतो तशी. मग जोडी शिकले. एका ओळीत दोन घरं अशी आहेत की दोन्हींत फक्त तीन किंवा आठच बसू शकतात. कुठला कुठे ते माहीत नाही. पण बाकीच्या ओळीत तीन आणि आठ येऊ शकत नाहीत, एवढं नक्की. हे डोक्यात शिरायला मला चार दिवस लागले. कागद फाडला, पेन्सिल गल्लीत फेकली. ती डंखवाल्या यशवंतदादांच्या पायाशी पडली. त्यांनी धुळीनं लाल झालेल्या तोंडानं ती आणून दिली नि म्हणाले, "ताई, भांडण कुनाशी?"

शेवटी मीच माझ्या भाषेत समजून घेतलं. डंखाच्या रांगेत दोन नंबर आहेत, आणि परबीण आणि तांडेलबाई त्या दोन नंबरांवर बसल्यात. आधी कोण, नंतर कोण, ते त्यांचं त्या भांडतील. पण तिसरीनं तिथे पिशवी ठेवायची नाही. मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी टाळी वाजवली. "पस्तीस वर्षं शिकवलं मी. एवढं सोपं मला कधी सांगता आलं नाही." ती टाळी मी लपवून ठेवल्यासारखी ठेवली होती.

एप्रिलच्या मध्यावर त्यांनी माझं खोडरबर काढून घेतलं. खरंच काढून घेतलं, पिशवीत टाकलं. पेन्सिलही घेतली आणि पेन दिलं. "आता चुकायचं नाही. खात्री झाल्याशिवाय लिहायचं नाही. अडलीस तर थांब. रिकामं घर ठेवण्यात लाज नाही, सुनंदा. काहीतरी भरण्यात आहे."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. पुढे लागणार आहे.

त्याच दिवसांत एक प्रकार घडला. गर्दीत माझ्या हातून एका बाईच्या पिशवीत बेडगीऐवजी लवंगी गेली. बेडगी रंगाला, लवंगी जाळाला. सहा किलोंचा मसाला, घरात लहान मुलं. ती डंखावर कुटून घेऊन बस स्टॉपवर पोचलीसुद्धा. मला पोतं हलकं लागलं तेव्हा कळलं. मी धावत गेले, तिला हाताला धरून परत आणली आणि सगळ्या रांगेसमोर सांगितलं, चूक माझी आहे, मसाला ठेव, नवीन करून देते. रांगेतल्या दोघी लगेच आपापल्या पिशव्या उघडून बघायला लागल्या. एकीनं तर घेतलेली मिरची परत केली. अख्खी दुपार वाया गेली. मॅडम स्टुलावरून बघत होत्या. म्हणाल्या, "शाबास. हे फार थोड्यांना जमतं."

त्या थोड्यांत आपण आहोत की नाही ते त्या बोलल्या नव्हत्या. मी गृहीत धरलं.

चार कोपऱ्यांची गोष्टही त्यांनीच सांगितली. मेच्या सुरुवातीला. एक कोडं घेऊन आल्या, म्हणाल्या हे मुद्दाम बिघडवलंय. मी सगळं भरत गेले आणि शेवटी चार घरं उरली. दोन ओळी, दोन उभ्या रांगा, दोन पेट्या, त्यांच्या छेदावरचे चार कोपरे. चारही घरांत तेच दोन आकडे बसत होते. असे लिहिले तरी चालत होतं, उलटे लिहिले तरी चालत होतं.

"आता?" मॅडम म्हणाल्या.

मी अर्धा तास बघितलं. "हे ठरतच नाही."

"ठरणारच नाही. चांगल्या कोड्याला उत्तर एकच असतं. असे चार कोपरे उरले की समजायचं, कोडं चुकलंय. सोडवणाऱ्याचा दोष नाही. पेन खाली ठेवायचं आणि तसं सांगायचं."

मेच्या शेवटच्या रविवारी दादरच्या एका वाचनालयात आकड्यांच्या कोड्यांची स्पर्धा होती. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, पाटी अजून जागेवर आहे. मॅडम तिथल्या समितीवर. कोडं त्याच काढणार होत्या. "तू उतर," म्हणाल्या. "मी तुला शिकवलंय हे कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं. पक्षपात वाटेल." मी सांगितलं नाही.

बक्षीस म्हणजे भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर रंगानं नाव. बाकी काही नाही. त्या फळ्यावर डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी नावं होती. एकदा मॅडमबरोबर जाऊन बघून आले होते. मला तिथे माझं नाव हवं होतं. नववीत अंदाजानं उत्तरं लिहिणाऱ्या मुलीचं. यात लपवण्यासारखं काही नाही, मला ते फार हवं होतं. इतकं की मेच्या रविवारी, भर मोसमात, जेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, मी शटर ओढलं. पार्वतीकाकूंनी कपाळावर हात मारला. "खुळावली ही!" मग मी वळले तेव्हा मागून हाक मारली, "गो, पेन घेतलंस मां?"

मॅडमनी मला सरावाला एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. शेवटची पंधराएक पानं त्यांनी स्टेपलरच्या पिना मारून बंद केलेली. "ही आत्ता उघडू नकोस." मी उघडली नाहीत. महिनाभर ते पुस्तक माझ्या गल्ल्याशेजारी पडून होतं. चार पिना, नखानं निघाल्या असत्या.

वाचनालयाच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि वारा कुणालाच लागत नव्हता. मी हात तीनदा साबणानं धुतले होते तरी शेजारचा माणूस शिंकला. नंतर कळलं, तो निवृत्त बँकवाला होता. पहिली दोन कोडी सोपी होती. तिसरं शेवटचं. आकडे मराठी होते, कारण कार्यवाह दाते यांचा आग्रह होता की मराठी वाचनालयात कोडं मराठी आकड्यांतच हवं. मॅडमनी पुस्तकातलं कोडं हातानं मराठीत उतरवून काढलं होतं आणि त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. त्यांचा तो नीटनेटका ९ मी ओळखला.

मी सोडवत गेले. एकटा आकडा, मग जोडी, मग पुन्हा एकटा. इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नाही. कुणी भाव पाडत नव्हतं. आणि मग चार घरं उरली. चौथी ओळ आणि सहावी ओळ. पहिली रांग आणि आठवी रांग. चारही ठिकाणी दोन किंवा सात.

पुन्हा तपासलं. सगळं पहिल्यापासून तपासलं. वेळ होता. मग पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

दाते आले. "काय हवंय?"

"कोडं चुकलंय. याला दोन उत्तरं आहेत."

त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या बोटांकडे बघितलं. मिरचीचा रंग नखाखालून जात नाही. "आपण काय करता?"

"लालबागला मसाल्याचं दुकान आहे."

हसले. हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, इथे घासाघीस चालत नाही हो. सुटलं तर सुटलं."

मागच्या दोन रांगा हसल्या. मी आयुष्यभर घासाघीस केली, तिथे मला लोक जिंकू द्यायचे. त्या एका दिवशी मी घासाघीस करत नव्हते आणि तेवढ्या एका दिवशी त्यांनी तीच बघितली. माझा आवाज चढला. चढतो तो. म्हटलं, "मॅडमना विचारा. मॅडम, बघा ना. चार कोपरे."

वैद्य मॅडम उठल्या. समितीच्या टेबलापासून माझ्या बाकापर्यंत आल्या. कागद उचलला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांची नजर चौथ्या ओळीवर गेली, सहाव्या ओळीवर गेली, परत चौथ्या ओळीच्या पहिल्या घरावर आली आणि तिथे थांबली. मी गिऱ्हाइकाचे डोळे वाचून जगते. त्या डोळ्यांना कळलेलं होतं.

कागद खाली ठेवून म्हणाल्या, "पाच मिनिटं राहिली आहेत, सुनंदा. काहीतरी भर."

काहीतरी भर.

मी भरलं नाही. घंटा झाली, कागद दिला, चार घरं रिकामी. माझ्या कागदावर लाल पेनानं "अपूर्ण" असा शेरा आला. अक्षर मॅडमचं. शेजारचा बँकवाला पहिला आला. भला माणूस, नंतर बटाटावडा खाताना स्वतःच हसत म्हणाला, "अहो, शेवटी मला काही कळेना. मनातल्या मनात नाणं उडवलं, सात पडला, सात टाकला." त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं निदान सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी त्या चार पिना काढल्या. शेवटून तिसऱ्या पानावर तेच कोडं होतं. बाजूला पेन्सिलीनं बारीकशी बरोबरची खूण. एकेक घर लावून बघितलं. सगळे आकडे जुळले, एक सोडून. चौथ्या ओळीच्या पहिल्या घरात पुस्तकात छापील सात होता. मॅडमनी उतरवताना तो गाळला होता. एक आकडा. कुणाच्याही हातून होईल. माझ्या हातून लवंगी गेली तसा त्यांच्या हातून सात गेला.

पुस्तक घेऊन मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, दारात स्वच्छ रांगोळी. त्यांनी आधी कोकम सरबत आणलं. मी पुस्तक उघडून ठेवलं.

त्यांनी त्या साताकडे बघितलं. "तू हात वर केलास तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस माणसं होती, सुनंदा. पाहुणे होते. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं काढल्या. तिथे उभं राहून..." सरबताचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "तू समजूतदार आहेस."

धंद्यात मला कुणी समजूतदार म्हटलं की मी पिशवी घट्ट धरते. तो माणूस आता काहीतरी सोडायला सांगणार असतो.

"फळ्यावर नाव नको मला. समितीला सांगा की कोडं चुकलं होतं. सुनंदा बरोबर होती, एवढंच."

"एवढंसं काय धरून बसतेस? खेळच ना तो! पुढच्या वर्षी बघू."

सरबत तसंच ठेवून मी जिना उतरले. पुढच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही. फळ्यावर बँकवाल्याचं नाव आहे, मी जाऊन बघितलं.

त्यानंतर मॅडम दुकानात आल्या नाहीत. मसाल्याची ऑर्डर फोनवर, न्यायला टॅक्सीवाला. दोन मोसम असे गेले. मी दोन्ही वेळा पूर्ण वजन दिलं, देठं काढून, निवडून. पार्वतीकाकू म्हणाल्या, "घाल तिच्या मसाल्यात मूठभर लवंगी, कळांदे!" हात पोत्यापर्यंत गेला नाही असं म्हणणार नाही. पण घातली नाही.

सगळ्यात कडू भाग वेगळाच आहे. कोडी अजून सोडवते. रोज, दुपारी तीनला, पेनानं. सोडता येत नाहीत. मोबाइलवरही असतात म्हणे. तिथे चुकलं की घर आपोआप लाल होतं, लगेच सांगून टाकतं. मशीनला लाज नसते. माझं मात्र असं झालंय की आकडा कुठे बसत नाही ते बघताना मला मॅडमचा आवाज ऐकू येतो, आणि त्या आवाजाचा राग येतो, आणि त्याच आवाजानं कोडं सुटतं. ज्यानं आपल्याला चालायला शिकवलं त्यानंच पाय आडवा घातला, तर चालणं सोडून द्यायचं का? नाही सोडता येत. पाय आपले असतात.

कधी कधी त्यांच्या बाजूनं विचार करते. भित्र्या होत्या, म्हातारपणी एकट्या, समितीची ती एक खुर्ची तेवढी उरलेली. कळतं मला. पण मग मला वाटतं, सहा किलो मसाला परत घेताना माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? दुकानाचं नावच होतं ना? रांगेतल्या दोघी पिशव्या उघडून बघत होत्या तेव्हा मलाही जमिनीत जावंसं वाटत होतं. आणि या बाईनं स्टुलावर बसून मला शाबास म्हटलं होतं. शाबासकी द्यायला सोपी असते.

काल त्या आल्या. स्वतः. दुपारी तीनला, तीच कापडी पिशवी. खूप वाकल्यात. स्टूल तिथेच होतं, बसल्या नाहीत. "नेहमीचा कर," म्हणाल्या. मी बेडगी काढली, काश्मिरी काढली, धणे तोलले. त्यांनी भाव केला नाही. पूर्वी करायच्या, मजेत. गल्ल्याच्या काचेखाली पुरवणीतलं कोडं होतं, अर्धं भरलेलं.

"अजून सोडवतेस?"

"पेनानं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि डंखाच्या नंबराची चिठ्ठी पिशवीत ठेवली. मसाला रविवारी मिळेल, म्हटलं. रविवारी दुपारी. "मी स्वतः येईन," म्हणाल्या, आणि हळूहळू कढयांच्या धुरातून निघून गेल्या.

मसाला आज कुटून झालाय. रंग सुरेख आलाय, वजन पुरं आहे, डब्याला फडकं बांधून ठेवलाय. काचेखालची पुरवणी मी काढली आणि तिथे जुना कागद ठेवला आहे. लाल अक्षरातला "अपूर्ण" वरच आहे. शेजारी पुस्तक उघडून ठेवलंय, शेवटून तिसरं पान.

रविवारी गल्ली भरलेली असेल. रांग असेल, पार्वतीकाकू असतील, तोंडाला ओढण्या बांधलेल्या चाळीसएक बाया तर सहज असतील. त्या सगळ्यांसमोर मी डबा पुढे करणार आहे आणि विचारणार आहे. चौथी ओळ, सहावी ओळ, पहिली रांग, आठवी रांग. मॅडम, त्या चार घरांत मी काय भरायला हवं होतं? सांगा. मोठ्यानं सांगा. वेळ आहे, घंटा होणार नाही. आणि या खेपेला काहीतरी भरून चालायचं नाही.